बीबीसी मायक्रोसाठी स्वतःहून सुरू होणारी फ्लॉपी कशी तयार करावी?

दोन_मेगाहर्ट्झ

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणलेले बीबीसी मायक्रो हे यंत्र आपल्याकडेही आले होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना ही यंत्रे देण्यात आली आणि पुढे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन ती 'युनिकॉर्न' या नावाने इथेच जुळवली. त्यामुळे जुन्या शाळेच्या अडगळीत, प्रयोगशाळेच्या कपाटावर किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या घरी हे यंत्र अधूनमधून सापडते, आणि सापडले की पहिला प्रश्न तोच असतो: यंत्र चालू होते, पण त्यात घालायला फ्लॉपी कुठून आणायची? गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी मला हेच विचारले, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी लिपीची एक अडचण सांगतो. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहीत आहे. यंत्रावर त्या रोमन मोठ्या अक्षरांत टंकायच्या आहेत. तारांकन, उद्गारचिन्ह आणि अवतरणचिन्हे मात्र जशी दिसतात तशीच घ्यावीत.

यंत्र चालू केल्यावर पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' या ओळीखाली 'एकॉर्न डीएफएस' (डीएफएस म्हणजे फ्लॉपीवरील फाइलींची व्यवस्था पाहणारा प्रोग्रॅम) अशी ओळ दिसली, तर फ्लॉपी हाताळणारी चिप आणि तिचा रॉम बसवलेला आहे असे समजावे. ती ओळ दिसत नसेल तर तो केवळ कॅसेटवर चालणारा नमुना आहे आणि पुढचे सर्व तूर्त निरुपयोगी आहे.

आता 'स्वतःहून सुरू होणारी' म्हणजे नेमके काय, ते पाहू. पीसीवर काम केलेल्यांच्या मनात बूट सेक्टर, त्यात यंत्रभाषेतला छोटा प्रोग्रॅम आणि फ्लॉपीवरून स्मृतीत येणारी कार्यप्रणाली असे चित्र असते. बीबीसी मायक्रोत यातले काहीच नाही. कार्यप्रणाली, बेसिक आणि डीएफएस ही तिन्ही रॉममध्ये कायमची बसलेली आहेत. फ्लॉपीला फक्त एवढेच सांगायचे असते की, कोणी शिफ्ट दाबून ब्रेक कळ मारली तर !बूट नावाच्या फाइलचे काय करायचे. हे सांगण्यासाठी चार पर्याय आहेत. *ऑप्ट ४,० दिल्यास काहीही होत नाही, १ दिल्यास ती फाइल स्मृतीत आणली जाते, २ दिल्यास यंत्रभाषेतला प्रोग्रॅम म्हणून चालवली जाते आणि ३ दिल्यास तिच्यातील मजकूर कळफलकावर कोणी टंकत आहे असे समजून वाचला जातो. व्यवहारात शंभरातील नव्वद वेळा ३ हाच पर्याय लागतो.

कृती अशी आहे. फॉरमॅट केलेली फ्लॉपी ड्राइव्ह शून्यमध्ये घालून *बिल्ड !बूट ही आज्ञा द्यावी. पडद्यावर ओळींचे क्रमांक येऊ लागतात. पहिल्या ओळीवर चेन"मेनू" (म्हणजे मेनू नावाचा बेसिक प्रोग्रॅम आणून चालवणे) लिहून रिटर्न दाबावे आणि एस्केप कळ दाबून बाहेर यावे. त्यानंतर *ऑप्ट ४,३ द्यावे. ड्राइव्ह क्षणभर फिरतो, कारण हा पर्याय फ्लॉपीवरच नोंदवला जातो; म्हणून फ्लॉपीच्या कडेची खाच उघडी असली पाहिजे. मग शिफ्ट धरून ठेवून ब्रेक दाबावी, आधी ब्रेक सोडावी आणि नंतर शिफ्ट. हा क्रम उलटा झाला तर यंत्र नेहमीसारखेच सुरू होते आणि नवशिक्यांना वाटते की फ्लॉपीच बिघडलेली आहे.

हा पर्याय फ्लॉपीवर कुठे राहतो हे कळले की पुढच्या निम्म्या शंका मिटतात. डीएफएसची अनुक्रमणिका पहिल्या ट्रॅकच्या (फ्लॉपीवरील वर्तुळाकार पट्टीच्या) पहिल्या दोन सेक्टरांत (त्या पट्टीच्या तुकड्यांत) असते. प्रत्येक सेक्टर २५६ बाइटांचा. प्रत्येक फाइलला दोन्हीकडे आठ-आठ बाइट लागतात आणि सुरुवातीचे आठ बाइट फ्लॉपीचे नाव व इतर नोंदींसाठी राखलेले असतात. म्हणूनच एका बाजूवर ३१ पेक्षा जास्त फाइली मावत नाहीत, मग जागा कितीही शिल्लक असो. दुसऱ्या सेक्टरमधील सहाव्या क्रमांकाच्या बाइटात, शून्यापासून मोजल्यास, दोन बिट या पर्यायासाठी आहेत. ८० ट्रॅकच्या रिकाम्या फ्लॉपीवर या बाइटात षोडशमान पद्धतीने ०३ असते, ते ३३ केले की पर्याय ३ झाला. ४० ट्रॅकच्या फ्लॉपीवर तेच ०१ चे ३१ होते. आपल्या लॅपटॉपवर फ्लॉपीची इमेज फाइल (संपूर्ण फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल) उघडून २६२ व्या जागेवरील हा एक बाइट बदलला, तरी *ऑप्ट दिल्यासारखेच आहे.

थोडक्यात, तर्काचा भाग दोन बिटांचा आहे. खरी कसोटी लागते ती ड्राइव्ह आणि फ्लॉपीच्या प्रत्यक्ष शरीराशी, आणि त्याबद्दल इतरांनीही आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे.

नवखा_विद्यार्थी

नमस्कार. माझ्याकडे शाळेतून मिळालेले बीबीसी मायक्रोचे मॉडेल बी आहे, सव्वापाच इंची एक ड्राइव्ह आहे आणि दहा कोऱ्या फ्लॉपींचा न उघडलेला डबा आहे. डीएफएसची ओळ पडद्यावर येते, *हेल्प दिल्यावर डीएफएस ०.९० असे दिसते. परंतु *फॉर्म ४० असे टंकल्यावर यंत्र 'बॅड कमांड' म्हणते. आपण 'फॉरमॅट केलेली फ्लॉपी घालून' असे लिहिले आहे, तर ती फॉरमॅट नेमकी करायची कशी?

दोन_मेगाहर्ट्झ

आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. आपल्या यंत्रात इंटेलची ८२७१ ही जुनी नियंत्रक चिप असणार आणि तिच्यासोबतच्या ०.९० या डीएफएसमध्ये फॉरमॅट करण्याची आज्ञाच नाही. ते काम करणारा प्रोग्रॅम एकॉर्न आपल्या उपयुक्तता-फ्लॉपीवर देत असे. म्हणजे फ्लॉपी फॉरमॅट करायला आधी एक फ्लॉपी हवी. कोंबडी आधी की अंडे, तसा हा प्रकार आहे. पुढे १९८५ च्या बी प्लस या नमुन्यापासून १७७० ही चिप आली आणि तिच्या डीएफएसमध्ये फॉरमॅटची आज्ञा रॉममध्येच समाविष्ट झाली.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. एक कॅसेटच्या तोंडातून जातो आणि दुसरा लॅपटॉपवरून. पहिल्याबद्दल फीतवाला यांनी लिहावे, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

फीतवाला

बोलावणे आले म्हणून लिहितो. बीबीसी मायक्रोच्या मागे कॅसेटसाठी सात टाचण्यांचे गोल सॉकेट आहे. कॅसेटवरील माहिती म्हणजे केवळ दोन सूर: शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तने. हा आवाज टेपरेकॉर्डरमधून आला की मोबाइलमधून, हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे मोबाइलच्या हेडफोन-छिद्रातून त्या सॉकेटपर्यंत जाणारी एक केबल सोल्डर करून घेतली की कोणताही प्रोग्रॅम आत घालता येतो. कॅसेटच्या युईएफ प्रकारच्या इमेज फाइलीचे आवाजात रूपांतर करून ब्राउझरमध्येच वाजवणारे 'प्लेयुईएफ' नावाचे साधन उपलब्ध आहे.

यंत्रावर *टेप द्यावे, म्हणजे लक्ष डीएफएसवरून कॅसेटकडे वळते. प्रोग्रॅम बेसिकमध्ये असेल तर लोड"" देऊन मोबाइलवर आवाज सुरू करावा. पडद्यावर प्रोग्रॅमचे नाव आणि पुढे सरकणारे आकडे दिसले की गाडी रुळावर आहे. पूर्ण झाल्यावर *डिस्क देऊन सेव्ह"नाव" करावे. कॅसेटवर नाव दहा अक्षरांपर्यंत चालते, फ्लॉपीवर मात्र सातच. हे विसरल्याने मी एकदा पंधरा मिनिटे वाया घालवली आहेत.

फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम यंत्रभाषेत असेल तर थोडी वेगळी काळजी हवी. आधी *ऑप्ट १,२ द्यावे, म्हणजे कॅसेटवरून फाइल येताना तिचा पत्ता, लांबी आणि सुरुवातीची जागा पडद्यावर छापली जाते. ती कागदावर उतरवून घ्यावी आणि त्याच आकड्यांनिशी *सेव्ह करावे. अर्थात, पहिली फ्लॉपी फॉरमॅट होईपर्यंत सेव्ह करायला जागाच नसते. म्हणून पहिल्या वेळी प्रोग्रॅम कॅसेटवरून थेट चालवावा, एक फ्लॉपी फॉरमॅट करावी, मग तोच प्रोग्रॅम पुन्हा कॅसेटवरून आणून त्या फ्लॉपीवर ठेवावा.

आवाजाबाबत तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मोबाइलचा इक्वलायझर बंद असावा, आवाज जवळजवळ पूर्ण असावा आणि फाइल एमपीथ्री नसून वेव्ह असावी. एमपीथ्रीमध्ये आपल्या कानाला जे अनावश्यक वाटते ते कापले जाते, आणि यंत्राला नेमके तेच हवे असते. मध्येच फोन आला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून विमान-मोड लावावा.

लीड्सचा_पाहुणा

इंग्लंडमध्ये ही यंत्रे अजूनही घरोघरच्या माळ्यांवरून निघतात आणि इथली हौशी मंडळी हल्ली बहुतेक वेळा लॅपटॉपचाच मार्ग घेतात. तो मी सांगतो.

जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरील फ्लॉपी-जोडणीत थेट ड्राइव्ह लावून हे काम होईल, असे अनेकांना वाटते. अडचण अशी की, डीएफएस फ्लॉपीवर एफएम म्हणजे एकेरी घनतेने लिहितो आणि पीसीतील अनेक नियंत्रक एफएम ओळखतच नाहीत. म्हणून कीर फ्रेझर यांनी विकसित केलेला 'ग्रीझवीझल' हा छोटा बोर्ड वापरावा. तो एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने ३४ तारांच्या पट्टीला जोडला जातो. सेक्टर वगैरे संकल्पनांत तो पडत नाही. चुंबकीय बदल कोणत्या क्षणी व्हायचे आहेत एवढेच तो ड्राइव्हला सांगतो, आणि कोणत्या यंत्राची कोणती मांडणी हा हिशेब लॅपटॉपवरील प्रोग्रॅम करतो. त्यामुळे एकच बोर्ड एकॉर्न, कमोडोर, अमिगा अशा सर्वांना चालतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून वेगळा वीजपुरवठा जोडावा लागतो.

इमेज फाइली बहुधा एसएसडी किंवा डीएसडी या प्रकारच्या मिळतात. एसएसडी म्हणजे एक बाजू. ८० ट्रॅक, दर ट्रॅकवर दहा सेक्टर, दर सेक्टर २५६ बाइट, मिळून २,०४,८०० बाइट. ४० ट्रॅकची असेल तर १,०२,४०० बाइट. फाइल याहून लहान दिसली तर ती अपुरी आहे असे समजू नये; शेवटचे रिकामे सेक्टर वगळून फाइल साठवण्याची पद्धत रूढ आहे. डीएसडीमध्ये दोन्ही बाजूंचे ट्रॅक आलटून पालटून ठेवलेले असतात. बीबीसी मायक्रो दोन बाजूंना दोन स्वतंत्र ड्राइव्ह मानते, पहिली बाजू शून्य आणि तिची पाठ दोन. शिफ्ट-ब्रेक नेहमीच्या मांडणीत शून्याकडेच पाहते, म्हणून !बूट फाइल पहिल्या बाजूवर असली पाहिजे.

अशा रीतीने लिहिलेल्या फ्लॉपीला आधी फॉरमॅट करावे लागत नाही, कारण सेक्टरांच्या खुणांसह संपूर्ण ट्रॅकच नव्याने लिहिला जातो. कोंबडीही नको आणि अंडेही नको.

दोन_मेगाहर्ट्झ

पाहुण्यांनी लिहिलेल्या मार्गात एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो असल्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मला एका शाळेसाठी सहा फ्लॉपी तयार करून द्यायच्या होत्या. शाळेचा ड्राइव्ह ४० ट्रॅकचा होता, माझा ८० ट्रॅकचा. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे हेड दर वेळी दोन पावले सरकवले तर ते बरोबर ४० ट्रॅकच्या जागांवर येते, ग्रीझवीझलला तशी सूचनाही देता येते. मी घरातल्याच जुन्या, ४० ट्रॅकवर वापरलेल्या फ्लॉपी घेतल्या, त्यांवर लिहिले, माझ्याच ड्राइव्हवर परत वाचून पाहिले. सर्व सेक्टर व्यवस्थित. शाळेत जाऊन सर्व मुलांसमोर शिफ्ट-ब्रेक मारली आणि पडद्यावर 'डिस्क फॉल्ट ०ई' उमटले. दुसरी फ्लॉपी, तेच. सहाही फ्लॉपी तशाच निघाल्या. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू.

दोष ड्राइव्हचा नव्हता आणि इमेज फाइलीचाही नव्हता. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे हेड ४० ट्रॅकच्या हेडच्या जवळजवळ निम्म्या रुंदीचे असते. त्याने लिहिलेला ट्रॅक अरुंद, आणि त्याच्या कडेला जुन्या रुंद ट्रॅकची पट्टी पुसली न जाता तशीच उरलेली. माझे अरुंद हेड फक्त नवीन पट्टी वाचत होते, म्हणून मला सगळे ठीक दिसत होते. शाळेचे रुंद हेड नवीन आणि जुने दोन्ही एकदम वाचत होते. शेतातल्या एकाच सरीत दोन पिके उगवावीत, तसा तो गोंधळ होता. ०ई म्हणजे माहितीच्या बेरजेची तपासणी चुकली, १८ म्हणजे सेक्टरच सापडला नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: १८ आल्यास फ्लॉपी फॉरमॅट झालेली नाही, किंवा ट्रॅकांची संख्या जुळत नाही असा संशय घ्यावा, ०ई आल्यास हेडची घाण, झिजलेली फ्लॉपी किंवा वर सांगितलेला दुहेरी ट्रॅक यांपैकी काहीतरी असते.

उपाय दोन आहेत. कधीच न वापरलेली फ्लॉपी घ्यावी, किंवा जुनी फ्लॉपी लिहिण्यापूर्वी जोरदार चुंबकाने पूर्ण कोरी करावी. मी जुन्या स्पीकरचे चुंबक वापरतो. फ्लॉपीवर ते गोल गोल फिरवत हळूहळू दूर न्यावे, एकदम उचलू नये. आणि हे काम बाकीच्या फ्लॉपींपासून दुसऱ्या खोलीत करावे. मात्र अशी अरुंद ट्रॅकची फ्लॉपी एकदा ४० ट्रॅकच्या ड्राइव्हवर लिहिली गेली, तर ती पुन्हा ८० च्या ड्राइव्हवर लिहू नये; अन्यथा पहिल्यासारखेच होते. सर्वांत निर्धोक मार्ग असा की, आपण तयार केलेली फ्लॉपी केवळ 'मूळ प्रत' समजावी आणि रोजच्या वापराची प्रत ज्या ड्राइव्हवर ती चालणार आहे त्याच ड्राइव्हवर काढावी.

कोकणपट्टा

फ्लॉपीच्या निवडीबद्दल लिहितो, कारण आमच्या दमट हवेने या विषयात बरेच शिकवले आहे.

बाजारात 'जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपी' म्हणून मिळणाऱ्या मालात १.२ एमबीच्या उच्च घनतेच्या फ्लॉपी बऱ्याच असतात. त्या इथे निरुपयोगी आहेत. साध्या दुहेरी घनतेच्या फ्लॉपीवरील थराला सुमारे ३०० ओर्स्टेडचे चुंबकीय क्षेत्र पुरते. उच्च घनतेच्या फ्लॉपीला त्याच्या दुप्पट लागते. बीबीसीच्या ड्राइव्हचे हेड तेवढा जोर लावूच शकत नाही. कधी कधी अशी फ्लॉपी फॉरमॅट होते, लिहिलेही जाते, आणि आठवड्याने उघडून पाहावे तर अर्धे सेक्टर गायब. मधल्या छिद्राभोवती मजबुतीची कडी असेल तर ती बहुधा दुहेरी घनतेची असते, उच्च घनतेच्या फ्लॉपीला सहसा ती नसते. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही, पण टपालाने मागवताना फोटोत एवढेच दिसते.

दुसरा शत्रू बुरशी. फ्लॉपी आवरणात हाताने हळूच फिरवून खिडकीतून पाहावी. तपकिरी पृष्ठभागावर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती फ्लॉपी कोणत्याही परिस्थितीत ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी हेडवर चिकटते आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक चांगली फ्लॉपी ते हेड खरवडत जाते. अशी एक फ्लॉपी घातल्यामुळे माझ्या संग्रहातील पुढच्या चार गेल्या, आणि कारण मला पाचवीच्या वेळी कळले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती बोळ्याने, अगदी हलक्या हाताने पुसावे. ड्राइव्हचे वरचे हेड नाजूक पट्टीवर असते, ते उचलून धरण्याचा मोह टाळावा. साठवणीसाठी हवाबंद स्टीलचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या; श्रावण संपेपर्यंत पुड्या दोनदा बदलाव्या लागतात.

तांब्याची_तार

फ्लॉपीपर्यंत पोहोचण्याआधी यंत्राच्या वीजपुरवठ्याकडे पाहावे, हे कोणीच लिहिले नाही. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात मुख्य तारांवर रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळट आवरणाचे कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला वर्षांनुवर्षांनी तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि एके दिवशी आवाज होऊन खोलीभर दुर्गंधीयुक्त धूर पसरतो. यंत्र सहसा वाचते, पण फ्लॉपीवर लिहिणे चालू असताना हे झाले तर ती फ्लॉपी गेली. ते कपॅसिटर बदलून मगच बाकीचे काम करावे. हे २३० व्होल्टचे प्रकरण आहे. सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे.

साडेतीन इंची ड्राइव्हही या यंत्राला जोडता येतो आणि त्याच्या दुहेरी घनतेच्या फ्लॉपी तुलनेने सहज मिळतात. मात्र पीसीचे साडेतीन इंची ड्राइव्ह कारखान्यातूनच 'एक' या क्रमांकावर बांधलेले असतात. सरळ पट्टीने जोडल्यास तो ड्राइव्ह १ म्हणून दिसतो आणि शिफ्ट-ब्रेक शून्याकडे पाहत असल्यामुळे काहीच सुरू होत नाही. पीसीची पिळाची पट्टी वापरून हे सुटेल असे वाटते, पण त्या पिळात मोटरची तारही जागा बदलते, त्यामुळे ते इथे लागू पडत नाही. ड्राइव्हवरील जोडणी शून्यावर हलवावी. जम्पर नसेल तर सोल्डरचा एक ठिपका सरकवावा लागतो.

आणि एक वेगळे मत मांडतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा गोटेक (फ्लॉपी-ड्राइव्हच्या जागी बसणारे, पेनड्राइव्हवरून चालणारे उपकरण) घ्यावा, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घालावे आणि सर्व इमेज फाइली एका पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. यंत्राला तो फ्लॉपी-ड्राइव्हच वाटतो. बुरशी नाही, अरुंद ट्रॅक नाहीत, चुंबक नाही.

दोन_मेगाहर्ट्झ

रोजच्या वापरासाठी तांब्याची_तार यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्याही एका यंत्रात गोटेक आहे. परंतु ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉपींचा गठ्ठा आहे, ज्यात एखाद्या शिक्षकाने स्वतः लिहिलेले मराठी प्रश्नसंच असू शकतात, त्यांना चालू स्थितीतील खरा ड्राइव्ह लागणारच. तो चालू ठेवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्यावर काम करत राहणे. शिवाय गोटेक हा खऱ्या फ्लॉपीचा वैरी नाही. गोटेक ड्राइव्ह शून्य आणि खरा ड्राइव्ह एक असा लावला तर *एनेबल आणि लगेच *बॅकअप ० १ एवढ्या दोन आज्ञांत इमेज फाइलीची खरी फ्लॉपी होते. समोरची फ्लॉपी आधी फॉरमॅट केलेली हवी, इतकेच.

नवखा_विद्यार्थी

आपणा सर्वांच्या मदतीने बरीच प्रगती झाली. मोबाइलवरून फॉरमॅटचा प्रोग्रॅम आत गेला, चौथ्या प्रयत्नात. पहिले तीन प्रयत्न एमपीथ्रीमुळे फुकट गेले. पहिली फ्लॉपी तयार झाली, !बूट लिहिले, *ऑप्ट ४,३ दिले आणि ती शिफ्ट-ब्रेकवर सुरू झाली.

आता दोन शंका आहेत. मी शाळेसाठी दुसरी प्रत काढली. एकच ड्राइव्ह असल्याने *कॉपी ० ० *.* देऊन फ्लॉपींची अदलाबदल करत बसलो. सर्व फाइली गेल्या आहेत, !बूटही यादीत दिसते, परंतु ही फ्लॉपी सुरूच होत नाही. आणि दुसरे म्हणजे, कॅसेटवरून आणलेला एक खेळ फ्लॉपीवर ठेवला आहे, तो चेन केल्यावर जागा अपुरी असल्याचा संदेश येतो. कॅसेटवरून मात्र तोच खेळ व्यवस्थित चालतो.

दोन_मेगाहर्ट्झ

पहिल्या शंकेचे उत्तर वरच्या त्या दोन बिटांत आहे. *कॉपी ही आज्ञा फाइली नेते; सुरू होण्याचा पर्याय फाइलीत नसून अनुक्रमणिकेत असतो, तो ती नेत नाही. नव्या फ्लॉपीवर पर्याय शून्यच राहिला. तीच फ्लॉपी घालून एकदा *ऑप्ट ४,३ द्यावे, दुसरे काही करायला नको. *बॅकअप वापरले असते तर सेक्टरमागून सेक्टर जसाच्या तसा गेला असता आणि पर्यायही सोबत आला असता. मात्र *बॅकअप समोरच्या फ्लॉपीवरील सर्व काही पुसते, आणि एका ड्राइव्हवर अदलाबदल करताना मूळ फ्लॉपी चुकीच्या वेळी आत राहिली तर मूळच नष्ट होते. म्हणून त्याआधी मूळ फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने झाकून घ्यावी.

दुसऱ्या शंकेचे कारण स्मृतीत आहे. केवळ कॅसेट असलेल्या यंत्रात बेसिकचा प्रोग्रॅम &ई०० या पत्त्यापासून (& म्हणजे आकडा षोडशमान पद्धतीचा) सुरू होतो. डीएफएस स्वतःच्या कामासाठी त्यावरची २८१६ बाइट जागा घेतो, त्यामुळे प्रोग्रॅम &१९०० पासून सुरू होतो. ३२ केच्या यंत्रात पावणेतीन के ही लहान रक्कम नव्हे. आपण कॅसेटवरून खेळ चालवताना बहुधा पेजचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा, पत्ता खाली आणला होता, किंवा कॅसेटवरील आरंभीचा छोटा प्रोग्रॅम ते काम करत होता.

यावरची जुनी युक्ती अशी: खेळ आधी &१९०० वर आणायचा, मग *टेप देऊन डीएफएसला बाजूला सारायचे, चार-चार बाइट उचलत सबंध प्रोग्रॅम &ई०० वर सरकवायचा, पेज &ई०० करून ओल्ड आणि रन द्यायचे. हे सगळे !बूट फाइलीत एकाखाली एक लिहिण्याचा मोह होतो, पण ते चालत नाही. *टेप दिल्याबरोबर डीएफएस आपली उघडी फाइल बंद करतो आणि !बूटच्या उरलेल्या ओळी वाचल्याच जात नाहीत. म्हणून !बूटच्या पहिल्या ओळीत *की ० वापरून हा सबंध क्रम शून्य क्रमांकाच्या फंक्शन-कळीवर बसवावा, दुसऱ्या ओळीत लोड"खेळ" द्यावे आणि तिसऱ्या, शेवटच्या ओळीत *एफएक्स १३८,०,१२८. ही शेवटची आज्ञा ती कळ दाबली गेल्याची नोंद कळफलकाच्या रांगेत टाकते. !बूट संपते, यंत्र रांगेकडे वळते आणि बाकीचे काम कळ पार पाडते.

जाता जाता, चेन"मेनू" नंतर !बूटमध्ये आणखी ओळी ठेवू नयेत. मेनूने काही विचारले तर त्या उरलेल्या ओळीच उत्तर म्हणून वाचल्या जातात आणि आपल्याला कळतही नाही की उत्तर कोणी दिले.

नवखा_विद्यार्थी

दोन्ही गोष्टी जमल्या. *ऑप्टने दुसरी फ्लॉपी लगेच सुरू झाली. खेळासाठी मात्र सरकवण्याच्या ओळीत एक चूक केली होती, यंत्र गोठले, ब्रेक मारून पुन्हा लिहिली आणि चालले. काल ती फ्लॉपी शाळेच्या ड्राइव्हवर लावली. ड्राइव्हचा दिवा लागला, दोनदा खट् असा आवाज झाला आणि मेनू आला. शाळेचा ड्राइव्ह ४० चाच आहे आणि माझाही ४० चा असल्याने चुंबक काढावे लागले नाही. मुले फार उत्साहाने हाताळतात, तर त्यांच्याकडून !बूट पुसले जाऊ नये यासाठी काय करावे?

दोन_मेगाहर्ट्झ

*ॲक्सेस !बूट एल दिल्यास ती फाइल कुलूपबंद होते, पण फॉरमॅट करणाऱ्या प्रोग्रॅमसमोर ते कुलूप टिकत नाही. खाच झाकावी, त्यावर शाळेचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि मूळ प्रत घरी स्टीलच्या डब्यात ठेवावी.